बादलीपासून रबरापर्यंत

महाजालावर एक जुनं छायाचित्र सहज सापडतं. सुटातले एक गृहस्थ खुर्चीवर बसलेत. बाह्या वर सारलेल्या, दोन्ही हात दोन उंच भांड्यांत बुडवलेले, विजारीचा एक पाय दुमडलेला आणि डावं पाऊल तिसऱ्या भांड्यात. चेहरा मात्र अगदी गंभीर. प्रथमदर्शनी वाटतं, हातपाय मुरगळले म्हणून बिचारे मिठाच्या पाण्यात शेकत बसलेत. पाणी मिठाचं आहे हे खरं, पण शेक वगैरे काही नाही. त्यांच्या हृदयाचा आलेख काढणं चाललंय. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ईसीजी असाच निघायचा!

विज्ञानाचा इतिहास म्हटला की आपण यंत्रांचा इतिहास वाचतो. कोणी काय शोधलं, कुठल्या साली, नोबेल कोणाला मिळालं. मी शाळेत इतिहास शिकवला, विज्ञान नव्हे; त्यामुळे असेल कदाचित, पण मला यंत्रापेक्षा ते यंत्र माणसाला जिथे टेकतं त्या जागेचं कुतूहल जास्त. ती जागा असते जेमतेम जुन्या रुपयाच्या नाण्याएवढी. तिथे जे बसवतात त्याला इलेक्ट्रोड म्हणतात. (पाठ्यपुस्तकात 'विद्युतअग्र' असा भारदस्त शब्द आहे, पण तो पुस्तकाबाहेर फारसा पडलेला नाही.) या नाण्याएवढ्या जागेचा इतिहास आज सांगायचाय. तो वाचताना एकच प्रश्न मनाशी ठेवा : मोजमाप नीट व्हावं म्हणून सोसायचं कोणी? माणसाने की यंत्राने?

आधी अडचण काय आहे ते बघू. हृदयाचा प्रत्येक ठोका हा विजेच्या एका लहानशा लाटेने सुरू होतो. ती लाट कातडीपर्यंत येईतो तिचा जोर साधारण एक मिलिव्होल्ट उरतो. आपल्या घरातल्या भिंतीवरच्या घड्याळाचा सेल दीड व्होल्टचा, म्हणजे या लाटेच्या दीड हजार पट. मेंदूचं तर बोलायलाच नको. डोक्याच्या कातडीवर त्याचा संदेश दहा ते शंभर मायक्रोव्होल्ट, म्हणजे हृदयाच्या संदेशाचा दहावा ते शंभरावा हिस्सा.

एवढा नाजूक संदेश, आणि वाटेत उभी कातडी. कातडीचा सगळ्यांत वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो. बहुतेक ठिकाणी तो मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्याच्या आसपास जाड, तळहात-तळपायावर कितीतरी जास्त. कोरडा असला की तो विजेला सहसा दाद देत नाही. ते बरंच आहे म्हणा, आतलं पाणी आत आणि बाहेरचे जंतू बाहेर राहतात ते याच थरामुळे. पण ज्याला आतलं ऐकायचंय त्याच्या दृष्टीने हे बंद दार.

दुसरी अडचण अधिक गमतीची. शरीरातली वीज वाहून नेतात सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड यांचे आयन, म्हणजे खारट पाण्यातले भारित कण. तारेतली वीज वाहून नेतात इलेक्ट्रॉन. आयन तारेत शिरत नाहीत आणि इलेक्ट्रॉन शरीरातल्या पाण्यात सुटे फिरत नाहीत. म्हणजे दोन गावांच्या दोन भाषा, आणि सीमेवर दुभाषा हवा. इलेक्ट्रोड हा तो दुभाषा. दुभाषा अडखळला किंवा जागेवरून हलला, तर आतला माणूस कितीही स्पष्ट बोलो, बाहेर गोंधळच ऐकू येणार.

आता इतिहास. १८८७ साली लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात ऑगस्टस वॉलर या शरीरशास्त्रज्ञाने माणसाच्या हृदयाचा विद्युत आलेख शरीर न उघडता, बाहेरूनच काढला. त्याआधी बेडूक, कासव अशा प्राण्यांचं हृदय उघडं करून त्यावर तारा टेकवत. वॉलरच्या लक्षात आलं की त्याची गरज नाही, हातापायांपर्यंत वीज पोचलेलीच असते. फक्त ती उतरवून घेता आली पाहिजे. त्याने पात्रांत मिठाचं पाणी घेतलं आणि त्यात हातपाय बुडवले. मिठाचं पाणी म्हणजे आयनच आयन. कातडी भिजते, दार किलकिलं होतं.

वॉलरकडे जिमी नावाचा बुलडॉग होता. प्रात्यक्षिकाच्या वेळी हा जिमी एक पुढचा आणि एक मागचा पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत ठेवून शांत उभा राहायचा, आणि जमलेली विद्वान मंडळी त्याच्या हृदयाची हालचाल बघायची. १९०९ साली रॉयल सोसायटीत असं प्रात्यक्षिक झालं, त्याची बातमी पसरली आणि ब्रिटिश संसदेत प्रश्न विचारला गेला की ही प्राण्यांवरची क्रूरता नव्हे काय? गृहमंत्र्यांना उत्तर द्यावं लागलं. सार असं की, कुत्रा नुसता खारट पाण्यात उभा होता. समुद्रात पाय बुडवून कधी उभे राहिला असाल तर त्यात किती यातना असतात ते आपल्याला ठाऊक असेलच. सभागृहात हशा पिकला असेल असं मला आपलं वाटतं. पण मला तो प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा वाटत नाही. मोजताना मोजल्या जाणाऱ्याला त्रास होतो का, हा प्रश्न या विषयात विचारला गेला तो एका कुत्र्याच्या निमित्ताने. माणसाच्या बाबतीत संसदेपर्यंत जाऊन तो कोणी विचारल्याचं माझ्या वाचनात नाही!

वॉलरचं हे काम पाहणाऱ्यांत विलेम आइन्टहोव्हेन नावाचा डच शास्त्रज्ञ होता. जन्म जावा बेटावरच्या समारांगचा, १८६० चा. नोकरी हॉलंडमधल्या लायडन विद्यापीठात. त्याने १९०१ साली 'स्ट्रिंग गॅल्व्हनोमीटर' हे यंत्र जगापुढे मांडलं. स्फटिकाचा, म्हणजे क्वार्ट्झचा अतिशय बारीक धागा, त्यावर चांदीचा मुलामा, आणि तो ताणलेला एका जबरदस्त विद्युतचुंबकाच्या दोन टोकांमध्ये. हृदयाची वीज धाग्यातून गेली की धागा थरथरायचा आणि त्याची सावली फिरत्या छायापट्टीवर उमटायची. आलेख इतका स्वच्छ की आज डॉक्टर ज्या पी, क्यू, आर, एस, टी लाटा म्हणतात ती नावं त्याचीच. १९२४ साली त्याला नोबेल मिळालं.

पण यंत्र कसं? वजन सुमारे २७० किलो. चालवायला पाच माणसं. चुंबक तापायचा म्हणून त्याला थंड ठेवायला वाहतं पाणी. ते रुग्णाच्या खाटेजवळ नेणं शक्यच नव्हतं. म्हणून १९०५ साली आइन्टहोव्हेनने रुग्णालयापासून दीड किलोमीटरवरच्या आपल्या प्रयोगशाळेपर्यंत टेलिफोनच्या तारेवरून रुग्णांच्या हृदयाचे संदेश आणवले. तिकडे रुग्णालयात रुग्ण हातपाय भांड्यांत बुडवून बसलेला, इकडे प्रयोगशाळेत धागा थरथरतोय.

आता मूळ प्रश्न. भांडीच कशाला? कारण हे यंत्र संदेश नुसता 'ऐकत' नव्हतं, धागा हलवायला लागणारी वीज ते शरीरातूनच घेत होतं. त्या विजेला कातडीतून यायला वाट रुंद हवी. नाण्याएवढी जागा पुरायची नाही. आख्खा पंजा, आख्खं पाऊल भिजवायला हवं. म्हणजे यंत्र हट्टी होतं, आणि त्याचा हट्ट पुरवायला माणसाने बाह्या सारून बसायचं. त्यात वाईट काही नाही म्हणा. दहा मिनिटं हात ओले राहिले तर राहिले. पण उठून खुर्चीत बसता न येणारा, थंडीने किंवा भीतीने कुडकुडणारा रुग्ण असला तर? कुडकुडणाऱ्या स्नायूंचीही वीज असतेच. ती आलेखात घुसते आणि हृदयाची रेघ करवतीच्या पात्यासारखी दातेरी होते. इथे पहिल्यांदा लक्षात येतं, की माणूस सुखात नसेल तर मोजमापही खरं येत नाही.

पुढे व्हॅक्यूम ट्यूबचे अॅम्प्लिफायर आले आणि यंत्राचा हट्ट कमी झाला. त्याला आता शरीराकडून जवळजवळ काहीच वीज नको होती, नुसता संदेश ऐकायचा होता. वाट अरुंद असली तरी चालणार होतं. भांडी गेली, मनगट-घोट्याला पट्ट्याने बांधायचे धातूचे पत्रे आले, खाली मिठाच्या पाण्यात भिजवलेलं कापड. १९३८ साली अमेरिका आणि ब्रिटनमधल्या हृदयतज्ज्ञांच्या संस्थांनी छातीवरच्या सहा जागा ठरवून दिल्या. त्या उघड्या छातीवर चिकटवायला रबरी फुग्याच्या शोषक वाट्या आल्या. फुगा दाबायचा, वाटी टेकवायची, सोडायचा. आपल्यापैकी पन्नाशीच्या पुढच्या बहुतेकांनी या वाट्या अनुभवल्या असतील. गार जेली, मग ती 'चप्प' करून बसणारी वाटी, आणि नंतर छातीवर उमटलेली लाल वर्तुळं!

जेली म्हणजे काय, तर ते जुनं मिठाचं पाणीच. सांडू नये म्हणून घट्ट केलेलं. बादलीच एक चमचाभर झाली म्हणा ना. आणि दुभाषा म्हणून सगळ्यांत भरवशाचा ठरला तो चांदीवर चांदीच्याच क्लोराइडचा पातळ थर. एका अंगाने तो धातूशी इलेक्ट्रॉनच्या भाषेत बोलतो, दुसऱ्या अंगाने जेलीतल्या क्लोराइड आयनांशी त्यांच्या भाषेत. आजही इस्पितळात छातीला जी गोल चिकटपट्टी लावतात, जिच्या मध्यभागी प्रेस बटणासारखं बटण असतं, तिच्या पोटात हीच जोडी असते.

मेंदूची गोष्ट निराळी. जर्मनीतल्या येना गावी हान्स बेर्गर नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने १९२४ साली माणसाच्या मेंदूतली वीज पहिल्यांदा टिपली आणि १९२९ साली प्रसिद्ध केली. सुरुवातीला तो डोक्याच्या कातडीखाली सुया खुपसत असे. नंतर धातूचे पातळ पत्रे कपाळाला आणि डोक्याच्या मागे बांधू लागला. आपला मुलगा क्लाउस याच्यावर त्याने कित्येक नोंदी केल्या. (वडील शास्त्रज्ञ असले की मुलाची सुटका नाही, हेही इतिहासात कायमचंच.) सुईकडून पत्र्याकडे, म्हणजे कातडी भेदण्याकडून कातडीची मनधरणी करण्याकडे त्याला यावं लागलं. पण डोक्यावर केस असतात! म्हणून प्रत्येक जागी भांग पाडायचा, कातडी घासायची, चिकट पेस्ट भरायची. १९५८ साली डोक्यावरच्या या जागांची आखणी जगभरासाठी एकसारखी ठरली. ज्यांच्या घरात कोणाचा ईईजी निघालाय त्यांना नंतरचं ते डोकं धुणं आठवत असेल.

आतापर्यंतची मोजमापं मिनिटांची होती. दुसऱ्या महायुद्धानंतर दिवसांची पाळी आली, आणि सोसण्याचा प्रश्न खरा बिकट झाला तो तेव्हा.

अमेरिकेत मोंटाना राज्यातल्या हेलेना गावी नॉर्मन होल्टर नावाचा शास्त्रज्ञ होता. त्याचं म्हणणं असं की माणूस पलंगावर शांत निजलेला असताना हृदय जे सांगतं ते अर्धवट. जिना चढताना, भांडताना, झोपेत ते काय करतं हे कळायला हवं. १९४० च्या दशकाच्या अखेरीस त्याने पाठीवर बांधून फिरायचं यंत्र केलं, त्याचं वजन सुमारे ३८ किलो! पुढे ट्रान्झिस्टर आले, वजन किलोभरावर आलं, आणि १९६१ साली त्याचा निबंध 'सायन्स' नियतकालिकात छापून आला. आजही चोवीस तासांच्या तपासणीला आपण 'होल्टर लावला' असंच म्हणतो.

त्याच सुमारास माणूस अंतराळात निघाला होता. जमिनीवरच्या डॉक्टरांना त्याचं हृदय सतत दिसायला हवं होतं, आणि हलताना धातू कातडीवर जरा जरी सरकला तरी आलेखात खोट्या लाटा येत. उपाय निघाला तो सुंदर : धातू कातडीला टेकवायचाच नाही. एका उथळ वाटीत तो जरा वर बसवायचा आणि मधली पोकळी पेस्टने भरायची. कातडी सरकली तरी दुभाषा जागचा हलत नाही. तरीही १९६५ च्या डिसेंबरात जेमिनी-७ यानात फ्रँक बोरमनच्या मेंदूची झोपेतली नोंद घ्यायला डोक्यावर चिकटवलेले इलेक्ट्रोड प्रवास चौदा दिवसांचा असताना साधारण पंचावन्न तासांतच निकामी झाले, कारण ते सुटून निघाले. चंद्राकडे निघालेल्या तंत्रज्ञानाला डोक्यावरची पेस्ट आवरली नाही.

कारण जेली वाळते, आणि चिकटपट्टीखाली कातडी घुसमटते. घाम येतो, खाज सुटते, पुरळ उठतं. तरुण कातडी सोसते. म्हातारी नाही सोसत.

आमच्या थोरल्या वहिनींचं उदाहरण देतो. (नातेवाईक वाचताहेतच, त्यांनी परवानगी दिलीय.) त्यांना रात्री-अपरात्री धडधड व्हायची, दिवसा काही नाही. वय ८१. होल्टर लावला. पट्ट्या घट्ट चिकटवल्या आणि 'काढायच्या नाहीत' एवढंच सांगून घरी पाठवलं. रात्री दोन वाजता खाज असह्य होऊन त्यांनी दोन पट्ट्या उपटल्या. पट्टीबरोबर कातडीचा पापुद्राही आला. आणि नेमका ज्या वेळेसाठी सगळा खटाटोप होता, त्या वेळची रेघ कागदावर नाही. तीन आठवड्यांनी पुन्हा तपासणी. या खेपेला कातडीला सोसेल अशा पट्ट्या मागून घेतल्या, जागा जराशा बदलून लावल्या, तेव्हा कुठे पहाटे साडेतीनची धडधड सापडली आणि औषध सुरू झालं. मला त्या म्हणाल्या, "भाऊजी, माझ्यामुळेच दोनदा करावं लागलं हो, एवढंही सोसवलं नाही मला."

हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. मोजमाप फसलं की माणूस स्वतःला दोष देतो. पट्टीला कोणी देत नाही. पण ज्या वस्तूला रात्रभर अंगावर राहायचंय, ती अंगावर राहू देण्यासारखी नसेल तर तो दोष वस्तूचा. सुखावह असणं हा तिच्या कामाचाच भाग आहे, वरचा नक्षीकामाचा नव्हे.

इथे रबर येतं. रबर ही मुळात वीज न वाहणारी वस्तू, म्हणून तर वायरमनचे हातमोजे रबराचे. पण त्यात काजळी, म्हणजे शुद्ध स्वरूपातला कार्बन मिसळला की गंमत होते. थोडी काजळी घाला, काही फरक नाही. आणखी घाला, तरी नाही. मग एका ठरावीक प्रमाणापाशी एकाएकी वीज वाहू लागते. विहिरीपासून पेटलेल्या घरापर्यंत माणसं उभी करून हातोहात बादल्या पोचवतात तसं. मध्ये दोन माणसांची जागा रिकामी असेल तर बादली अडते. ओळ जुळली की पाणी धावतं. काजळीच्या कणांची ओळ रबराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जुळली की वीज धावते.

असं रबर इस्पितळात प्रथम आलं ते मोजायला नव्हे, जीव वाचवायला. ईथर आणि सायक्लोप्रोपेन ही भूल द्यायची औषधं स्फोटक. शस्त्रक्रियेच्या खोलीत पादत्राणं घासून किंवा रबरी नळी हाताळून स्थिर विजेची एक ठिणगी उडाली तरी भडका व्हायचा. असे अपघात झालेही. म्हणून तिथल्या नळ्या, पादत्राणांचे तळवे, गाद्यांची आवरणं काजळीमिश्रित रबराची करू लागले, वीज साठण्याआधीच निचरून जावी म्हणून. १९५६ नंतर हॅलोथेन हे न पेटणारं औषध आलं आणि हळूहळू त्या रबराचं काम संपत गेलं. पण वीज वाहणारं मऊ रबर बनवता येतं, हे सगळ्यांना ठाऊक झालं होतं.

मग १९६५ साली मेल्झॅक आणि वॉल या दोघांनी वेदनेबद्दल नवा सिद्धांत मांडला, त्यातून कातडीवरून सौम्य वीज देऊन दुखणं कमी करायची यंत्रं १९७० च्या दशकात आली. कंबरदुखीसाठी फिजिओथेरपीला गेला असाल तर काळ्या, लवचिक, चौकोनी रबरी पट्ट्या कमरेला लावल्याचं आठवेल. ते हेच, सिलिकोन रबरात कार्बन. तिथे वीज आत पाठवायची असते, आपल्याला बाहेर घ्यायची आहे. पण दार एकच. १९८२ साली फिनलंडच्या पोलार कंपनीने खेळाडूंसाठी बिनतारी नाडीमापक काढला. बर्फावरून घसरत धावणाऱ्यांच्या छातीला पट्टा, आणि त्यात वीज वाहणारे मऊ इलेक्ट्रोड. जेली नाही, चिकटपट्टी नाही. फक्त घाम. बादलीतलं मिठाचं पाणी आता शरीर स्वतःच पुरवू लागलं! कोरड्या रबराखाली पहिली मिनिटं आलेख उड्या मारतो, मग त्याखाली घामाचा दमटपणा साठतो आणि रेघ स्थिर होते.

वाटेल की प्रश्न सुटला. तसं नाही. वीज चांगली वाहायला काजळी जास्त हवी, पण काजळी जास्त झाली की रबर कडक होतं, मुडपलं की चिरतं. मऊ ठेवावं तर वीज अडते. रबर ताणलं की कणांची ओळ विसकटते आणि वहनच बदलतं, म्हणजे श्वास घेतला तरी आलेख हलणार. घट्ट दाबलं तर संदेश स्वच्छ, पण वळ उठतात. सैल ठेवलं तर वळ नाहीत आणि संदेशही नाही. शिवाय कार्बन हा चांदीच्या क्लोराइडसारखा अस्सल दुभाषा नाही, त्याची आयनांशी ओळख वरवरची. म्हणून काही जण कातडीला टेकणाऱ्या बाजूवर पुन्हा चांदी आणि चांदीचं क्लोराइड चढवतात. आणि या उणिवा भरून काढायला अॅम्प्लिफायरला आणखी सोशिक व्हावं लागतं. बघा, सोसायचं काम आता यंत्राकडे चाललंय.

२०१४ साली बेल्जियममधल्या ल्यूव्हेन इथल्या संशोधकांनी ईपीडीएम नावाच्या रबराचे इलेक्ट्रोड करून दाखवले. मोटारीच्या दाराला पाणी आत येऊ नये म्हणून जी रबरी कड असते, त्या जातीचं हे रबर. त्यात कार्बन आणि इतर द्रव्यांचं प्रमाण बदलत त्यांनी वहन आणि मऊपणा यांचा मेळ बसवायचा प्रयत्न केला. डोक्यासाठीच्या इलेक्ट्रोडला कंगव्यासारखे लहान रबरी दाते ठेवले, केसांतून वाट काढून ते कातडीला टेकतील असे. धातूचे टोकदार दाते टोचतात. रबराचे दाबले की वाकतात. या निबंधाच्या शीर्षकातच त्यांनी 'मऊ' आणि 'सुखावह' हे शब्द घातले होते. शंभरेक वर्षांनी का होईना, ते शब्द शास्त्रीय निबंधाच्या शीर्षकापर्यंत पोचले.

केसांवरून आणखी एक. आफ्रिकी वंशाच्या लोकांचे दाट कुरळे केस नेहमीच्या टोपीतल्या इलेक्ट्रोडना वर उचलून धरतात. वर्षानुवर्षं अशा लोकांचे ईईजी खराब यायचे, प्रयोगांतून त्यांना वगळलंही जायचं. दोष केसांचा मानला जायचा. २०२० च्या सुमारास अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात आर्नेल एटिएन या विद्यार्थिनीने आणि पुलकित ग्रोवर या प्राध्यापकांच्या गटाने उलटा विचार केला. डोक्याला चिकटून घातलेल्या बारीक वेण्यांची पद्धत त्या समाजात जुनीच. त्या वेण्यांच्या मधल्या भांगात इलेक्ट्रोड ठेवायचा आणि वेण्यांच्याच आधाराने तो दाबून धरायचा. केस अडचण होते, ते आधार झाले. माणूस तोच, केस तेच. बदलली ती फक्त वस्तू.

आणि शेवटी सगळ्यांत कोवळी कातडी. पूर्ण दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाची. तिच्यावरचा तो मेलेल्या पेशींचा थर पुरता तयारच झालेला नसतो, चिकटपट्टी काढताना कातडी निघून येते. शिवाय इतक्या तारा, की आईला बाळ छातीशी धरणं अवघड. २०१९ साली जॉन रॉजर्स यांच्या गटाने शिकागोत अशा बाळांवर मऊ, पातळ, बिनतारी पट्ट्या वापरून दाखवल्या, एक छातीला आणि एक पावलाला. हे कार्बनचं रबर नव्हे; मऊ सिलिकोनमध्ये जाळीसारखी बारीक धातूची नक्षी. पण दिशा तीच. त्यातलं मला सगळ्यांत मोलाचं वाटलं ते हे, की तपासणी चालू असताना आई बाळाला उचलून घेऊ शकत होती.

असो, बरंच लिहिलं. रबराने जेलीला हरवलं असं मात्र समजू नका. पाच मिनिटांच्या ईसीजीला जेली स्वस्त आणि भरवशाची आहे, ती आजही आहे आणि असायला हरकत नाही. प्रश्न तासांचा आणि दिवसांचा असतो तेव्हा वेगळा विचार लागतो.

एवढंच सांगतो. घरात कोणाला, विशेषतः वडीलधाऱ्यांना, अशा पट्ट्या लावायची वेळ आली तर लावतानाच विचारा : कातडी नाजूक आहे, मऊ प्रकारची पट्टी आहे का? खाज सुटली तर कोणाला फोन करायचा? पट्टी काढताना उपटायची की ओली करून हळूहळू? हे विचारणं म्हणजे नखरे नव्हेत. आणि रात्री दोन वाजता कोणी "सोसवत नाही" म्हणालं, तर त्यांना गप्प करू नका. त्यांची कातडी काही सांगतेय, आणि तेही ऐकण्यासारखंच आहे.